परमुलखातील झाडे आणि आपली पुस्तके

भाद्रपदात गौरी बसवावयाच्या म्हणजे आघाडा हवा. पुण्यास किंवा साताऱ्यास हा प्रश्नच उद्भवत नाही. मंडईच्या वाटेवर पत्रीच्या जुड्या घेऊन बायका बसलेल्याच असतात. पण लखनौच्या आलमबागेत, रेल्वेच्या वसाहतीत राहणाऱ्या मराठी गृहिणीने 'आघाडा' मागितला, तर माळी नुसता तिच्या तोंडाकडे पाहत राहतो. एका स्नेह्यांच्या घरी आम्ही हा प्रसंग प्रत्यक्ष पाहिला. दोन दिवस शोध झाला, चौकशा झाल्या आणि शेवटी आघाड्यावाचूनच गौरी बसल्या. पुढे आठवड्याभराने त्याच बंगल्याच्या मागील भिंतीशी आघाड्याचे रान माजलेले आमच्या दृष्टीस पडले. माळी त्याला 'लटजीरा' म्हणत होता आणि तण समजून पंधरा दिवसांनी उपटून टाकीत होता.

प्रसंग लहान खरा. परंतु त्या घरात मराठी पुस्तकांचे कपाट होते, त्यात झाडाफुलांवरील पुस्तकेही होती, आणि त्या दोन दिवसांत त्यांपैकी एकाकडेही कोणाचा हात गेला नाही, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावणारी वाटली. वनस्पतींवरील पुस्तक हे वाचावयाचे असते. त्याला काही विचारावयाचे असते, असे आपणांस वाटतच नाही. दोष वाचकांचा की पुस्तकांचा?

आलमबाग हे नाव या प्रश्नाला साजेसेच आहे. वाजिद अली शहाने आपल्या आलम आरा बेगमेसाठी येथे तटबंदीची बाग व महाल उभारला. 1857 च्या धामधुमीत इंग्रजांनी त्याचे ठाणे केले. हॅवलॉकची कबरही येथेच आहे. आज येथे कारखाने, बसचे आगार आणि मेट्रोचे स्थानक आहे; बाग उरली ती नावात. त्याच नबाबाचा सिकंदरबाग हाही 1857 चे रणक्षेत्र होता. त्याच्या नशिबी मात्र वनस्पतिशास्त्र आले. 1948 मध्ये कैलासनाथ कौल यांनी तेथे राष्ट्रीय वनस्पति-उद्यान उभे केले आणि 1953 मध्ये ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेले. 1978 पासून ते राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्था या नावाने चालते. म्हणजे झाडांची ओळख करून घ्यावयाची, तर या नगरीइतके योग्य स्थळ क्वचित सापडेल. उणीव आहे ती आपल्या भाषेतील वाटाड्याची.

असे वाटाडे आपल्यात झाले नाहीत असे मात्र नाही. उलट, परमुलखात राहून वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या मराठी माणसांची एक परंपराच आहे. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील लेफ्टनंट कर्नल. त्यांनी मेजर वामनदास बसू यांच्यासह रचलेला भारतीय औषधी वनस्पतींवरील इंग्रजी ग्रंथ 1918 मध्ये, म्हणजे कीर्तिकरांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, अलाहाबादेस प्रसिद्ध झाला. हजाराहून अधिक चित्रफलक असलेला हा ग्रंथ 1933 मध्ये पुन्हा सुधारून निघाला. त्या कामात म्हसकर हे आणखी एक मराठी नाव आढळते. मालवणला जन्मलेल्या शंकर पुरुषोत्तम आघारकरांचे आयुष्य कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकविण्यात गेले. निवृत्तीनंतर ते पुण्यास आले आणि 1946 मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू झाली.

कीर्तिकरांच्या बाबतीत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. ते कवीही होते. टेनिसनच्या 'प्रिन्सेस'वरून त्यांनी 1884 मध्ये 'इंदिरा' हे काव्य मराठीत केले. म्हणजे एकाच गृहस्थाने कविता लिहिली ती मराठीत आणि वनस्पतींचा ग्रंथ लिहिला तो इंग्रजीत! त्या काळी याला पर्याय नव्हता, हे आम्ही जाणतो. शास्त्रीय ग्रंथाला हिंदुस्थानभर वाचक हवे, तर इंग्रजीच हवी होती. तथापि या वाटणीचे परिणाम आपल्या वाङ्मयाला दीर्घकाळ भोगावे लागले, असे आमचे मत आहे. पारिजातक, बकुळ, चाफा ही फुले कवितेच्या वाट्याला आली, पण उपमेपुरती. त्यांचे देठ, पाने, बहराचा काळ आणि वस्ती ही सारी माहिती इंग्रजी ग्रंथांच्या कपाटात बंद झाली. आघाड्याचे चित्र, लक्षणे आणि देशी नावे कीर्तिकर-बसूंच्या ग्रंथात आहेत. आमच्या स्नेह्यांच्या सौभाग्यवतींना ती सापडली असती, तर आघाडा आणि लटजीरा एकच हे क्षणात कळले असते. पण ती नावे रोमन लिपीत, आठ अवजड खंडांत आहेत. पूजेच्या आदल्या संध्याकाळी कोणती गृहिणी तेथवर पोचणार?

याहून जुने एक उदाहरण येथे आठवते. कोचीनचा डच अधिकारी वान ऱ्हेडे याने सिद्ध केलेला 'होर्तुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. इट्टी अच्युतन् या मलबारी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी ब्राह्मणांनी त्याला साहाय्य केले. त्यांचे प्रशस्तिपत्र नागरी लिपीत आहे, आणि ग्रंथातील चित्रांवर वनस्पतींची कोंकणी नावे नागरी अक्षरांत कोरलेली आहेत. ही मंडळीही आपल्यासारखीच, मूळ मुलूख सोडून दूर वसलेल्या समाजातील. परक्या भूमीवरील झाडांना त्यांनी आपल्या भाषेतील नाव दिले आणि ते आपल्या लिपीत छापून घेतले. सतराव्या शतकात डच छापखान्यात जे झाले, ते विसाव्या शतकात अलाहाबादेस झाले नाही, याची रुखरुख लागल्यावाचून राहत नाही.

कविता आणि वनस्पतिज्ञान यांच्यातील ही भिंत मराठीत खऱ्या अर्थाने कोणी पाडली असेल तर ती दुर्गा भागवतांनी. 'ऋतुचक्र' 1956 मध्ये प्रसिद्ध झाले. या पुस्तकाची थोरवी त्याच्या भाषेत आहे असे सामान्यतः म्हटले जाते. आमचे मत थोडे निराळे आहे. भाषा सुंदर आहेच. पण तिच्या मागे डोळा आहे. पालवीचा रंग सांगावयाचा तर तो कोणत्या झाडाचा आणि कोवळेपणी कसा, याविषयी बाईंच्या मनात संदिग्धता नसते. मध्य प्रांतातील आदिवासींचा अभ्यास करताना सुरणाने विषबाधा होऊन त्या कित्येक वर्षे अंथरुणाला खिळल्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांचे वनस्पतिप्रेम भाबडे का वाटत नाही, हे उमगते. झाड केवळ कोमल नसते, ते घातही करते, याचा अनुभव घेतलेल्या व्यक्तीचे ते लेखन आहे.

तरीही 'ऋतुचक्र' घेऊन आलमबागेत बसणाऱ्या वाचकाची एक अडचण आहे, आणि ती कोणा टीकाकाराने मांडल्याचे आमच्या वाचनात नाही. आपले महिने अमान्त, येथले पूर्णिमान्त. शुद्ध पक्षापुरता दोघांचा मेळ बसतो. वद्य पक्षात येथला महिना एक पाऊल पुढे असतो. पाडव्याच्या दिवशी गुढी उभारून आपण मोठ्या उत्साहाने चैत्रावरचा लेख उघडावा, तर अंगणातला माळी सांगतो, "साहेब, चैत तो आधा बीत गया." शिवाय हवामान निराळे. कोकणचा पाऊस ज्येष्ठात येऊन ठेपतो, तेव्हा येथे लू वाहत असते आणि बहाव्याचे पिवळे झुंबर त्या झळांत लटकत असते. पुस्तक चुकलेले नसते आणि झाडही चुकलेले नसते. चुकतो तो वाचक, जो पुस्तकातील चैत्र खिडकीबाहेर शोधू पाहतो. दुर्गाबाईंपासून घ्यावयाचा आहे तो त्यांचा महिना नव्हे, त्यांची पाहण्याची रीत. आपल्या मंडळींकडून नेमके उलटे घडते. 'ऋतुचक्र' हाती घेऊन गावाकडची आठवण काढावयाची आणि दारातल्या मौलसिरीकडे पाठ फिरवावयाची! ती मौलसिरी म्हणजेच आपली बकुळ, हे बदलीची पाच वर्षे सरली तरी कळत नाही.

दुर्गाबाईंच्या मागून आलेल्यांत शरदिनी डहाणूकरांची 'फुलवा' आणि 'वृक्षगान' ही पुस्तके अग्रभागी ठेवावी लागतील. त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापिका. म्हणून कीर्तिकरांच्या घरातील दोन वेगळ्या खोल्या त्यांच्या पुस्तकांत एक झालेल्या दिसतात. श्री. द. महाजनांची 'देशी वृक्ष' आणि 'विदेशी वृक्ष' ही जोडी तर आमच्यासारख्या फिरत्या नोकरदारांना आणखी एक दिलासा देते. मादागास्करचा गुलमोहर, अमेरिकेतला पांढरा चाफा ही सारी बदली होऊन आलेलीच मंडळी. आणि पाहा, किती रुजली!

तथापि या सर्वांत एक पुस्तक अजून आम्हांस भेटलेले नाही, आणि तेच आम्हांस हवे आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबासाठी लिहिलेले, खिशात मावणारे, चित्रासह ओळख सांगणारे आणि मराठी नावाशेजारी तेथले नाव नागरीत देणारे ते पुस्तक असावे. बहावा म्हणजे अमलतास, पळस म्हणजे ढाक, प्राजक्त म्हणजे हरसिंगार, सावर म्हणजे सेमल, शेवगा म्हणजे सहजन. यात केवळ पूजेच्या पत्रीची सोय आहे असे कोणी समजू नये. प्रश्न आपल्या मुलांचा आहे. त्यांना 'हरसिंगार' शाळेत कळतो आणि 'प्राजक्त' आईच्या गाण्यात ऐकू येतो. दोन्ही एकाच झाडाखाली वेचता येतात हे त्यांना कोणी सांगत नाही. मग घरची भाषा ही केवळ आठवणींची भाषा होते आणि समोरच्या जगाशी तिचा संबंध तुटतो. ज्या भाषेत दारातल्या झाडाला नाव नाही, ती भाषा मुले फार काळ बोलत नाहीत.

असे पुस्तक विद्वानांनी लिहावे हे उत्तम. पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. त्या स्नेह्यांच्या घरी पुढल्या वर्षी आम्ही गेलो, तेव्हा गौरींपुढे आघाडा होता. भिंतीजवळचे तण त्या पंधरवड्यात उपटू नये, असे माळ्याला बजावले होते. कपाटातील एका पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर सौभाग्यवतींनी पेन्सिलीने दोन रकाने आखले होते. वर 'आपले' आणि 'इथले' अशी शीर्षके, खाली एकवीस नावे. चार-पाच जागा रिकाम्या होत्या. बदलीचा हुकूम आला की पुस्तक येथेच, येणाऱ्या मराठी बिऱ्हाडासाठी ठेवून जावयाचे, असा त्यांचा विचार आहे. उरलेल्या जागा ते बिऱ्हाड भरील. अलीकडच्या वनस्पतिविषयक मराठी लेखनात ते पान आम्हांस विशेष मोलाचे वाटते.