बाजारहिश्श्याचा अंदाज आणि जाणकारांचा अभिप्राय : साटी यांच्या जाल-प्रतिमानाची चिकित्सा

प्रास्ताविक

एखाद्या संस्थेचा बाजारपेठेतील हिस्सा किती, हा प्रश्न वरवर पाहता साध्या हिशेबाचा वाटतो. संस्थेच्या विक्रीला बाजारातील एकूण विक्रीने भागले की उत्तर मिळते. परंतु एकूण विक्रीचे आकडे हाती नसतील, प्रतिस्पर्धी आपले आकडे उघड करीत नसतील, किंवा वस्तू अद्याप बाजारात यावयाचीच असेल, तर हिशेबाची जागा अंदाज घेतो. अशा अंदाजाचे स्थूलमानाने दोन मार्ग व्यवस्थापनशास्त्रात रूढ आहेत. पहिला मार्ग मागील नोंदींचा होय. किंमत, जाहिरात व वितरण यांच्या आकड्यांवरून हिस्सा काढण्याच्या प्रतिमानांची सविस्तर मांडणी ली कूपर व मासाओ नाकानिशी यांनी १९८८ मध्ये केली. दुसरा मार्ग जाणकारांच्या अभिप्रायाचा होय. व्यवस्थापकाच्या अनुभवाला गणिती रूप द्यावे, हा विचार जॉन लिटल यांनी १९७० मध्ये ‘डिसिजन कॅल्क्युलस’ या नावाने मांडला होता. याच दुसऱ्या मार्गावरील सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न म्हणजे थॉमस साटी यांची ‘ॲनालिटिक नेटवर्क प्रोसेस’, अर्थात एएनपी.

या पद्धतीने काढलेला बाजारहिस्सा प्रत्यक्ष आकड्यांच्या जवळ येतो, असा तिच्या पुरस्कर्त्यांचा दावा आहे. प्रस्तुत लेखात त्या दाव्याच्या समर्थनार्थ वारंवार दिल्या जाणाऱ्या एका उदाहरणाची चिकित्सा केली आहे. निष्कर्ष जवळ येतो का, हा येथे मुख्य प्रश्न नाही. तो जवळ आल्याने नेमके काय सिद्ध होते, हा खरा प्रश्न आहे.

पद्धतीचे स्वरूप

साटी (१९२६–२०१७) यांचा जन्म इराकमधील मोसुल येथे झाला. पुढे अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. १९७० च्या दशकात त्यांनी ‘ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस’ म्हणजे एएचपी विकसित केली व १९८० मध्ये त्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. एएचपीत उद्दिष्ट, निकष व पर्याय यांची उतरंड असते आणि प्रभाव वरून खाली वाहतो, असे गृहीत धरलेले असते. व्यवहारात मात्र प्रभाव उलटही वाहतो. स्वस्त मालामुळे दुकान लोकप्रिय होते. दुकान लोकप्रिय झाले की त्याला घाऊक खरेदीत सवलत मिळते व माल अधिक स्वस्त देता येतो. हे परस्परावलंबन व प्रत्याभरण सामावून घेण्यासाठी साटी यांनी उतरंडीऐवजी जाल स्वीकारले. १९९६ च्या ग्रंथात त्याची पूर्ण मांडणी आढळते.

जालातील घटक समूहांत विभागले जातात. दोन घटक एका वेळी घेऊन ‘अमुक बाबतीत कोणता अधिक प्रभावी व किती पटीने’ असा प्रश्न जाणकारास विचारला जातो. उत्तर १ ते ९ या मोजपट्टीवर नोंदविले जाते. या उत्तरांवरून आयगेनव्हेक्टरच्या साहाय्याने प्रत्येक घटकाचे भारमान निघते. उत्तरांत परस्परविरोध किती आहे, हे सुसंगती गुणोत्तराने तपासले जाते व सामान्यतः ते ०.१० पेक्षा अधिक असू नये अशी अपेक्षा असते. सर्व भारमाने एका मोठ्या मॅट्रिक्समध्ये मांडून त्या मॅट्रिक्सचा पुन्हा पुन्हा स्वतःशी गुणाकार केला जातो. मूल्ये स्थिर झाली की पर्यायांसमोरचे आकडे हाच त्यांचा सापेक्ष हिस्सा मानला जातो.

तीन दुकानांचे उदाहरण

वॉलमार्ट, केमार्ट व टार्गेट या अमेरिकेतील तीन दुकानसाखळ्यांचा परस्परसापेक्ष हिस्सा काढणे, हे साटी यांच्या लेखनातील एक प्रसिद्ध उदाहरण आहे. तीन पर्यायांखेरीज त्यात पाच समूह आहेत. जाहिरात समूहात दूरचित्रवाणी, छापील माध्यमे, नभोवाणी व टपालाने पाठविलेली पत्रके येतात. स्थानाच्या समूहात शहर, उपनगर व ग्रामीण भाग आहेत. ग्राहकांत कार्यालयीन नोकरदार, श्रमिक, कुटुंबे व किशोरवयीन अशी विभागणी आहे. मालाचे निकष स्वस्ताई, दर्जा व विविधता हे आहेत. दुकानाच्या वैशिष्ट्यांत प्रकाशयोजना, मांडणी, स्वच्छता, कर्मचारी व वाहनतळ यांचा समावेश होतो. हे एकूण १९ घटक झाले.

प्रतिमानाने वॉलमार्टला ५९.९, केमार्टला २४.८ व टार्गेटला १५.४ टक्के हिस्सा दिला. १९९८ च्या विक्रीच्या आकड्यांवरून (अनुक्रमे ५८, २७.५ व २०.३ अब्ज डॉलर) निघणारा हिस्सा ५४.८, २५.९ व १९.२ टक्के असा होता. दोन्ही मालिकांतील जवळीक मोजण्यासाठी साटी ‘अनुरूपता निर्देशांक’ वापरतात. दोन मालिका तंतोतंत जुळल्या तर त्याचे मूल्य १ येते, आणि १.१० पर्यंतचे मूल्य समाधानकारक समजले जाते. येथे ते १.०१६ आले. विक्रीचा एकही आकडा न वापरता केवळ गुणात्मक उत्तरांवरून इतके जवळचे उत्तर मिळावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी निश्चितच लक्षणीय आहे.

निर्देशांकाची चिकित्सा

तथापि हा एकच निर्देशांक बरेच काही झाकून ठेवतो. टार्गेटचा प्रत्यक्ष हिस्सा १९.२ असताना प्रतिमानाने तो १५.४ दाखविला, म्हणजे सुमारे २० टक्क्यांनी कमी. वॉलमार्टचा हिस्सा सुमारे ९ टक्क्यांनी अधिक दाखविला गेला. केमार्टबाबतची चूक तेवढी किरकोळ आहे. टार्गेटच्या व्यवस्थापकाने या अंदाजावर विसंबून मालसाठा ठरविला असता, तर दर पाच ग्राहकांपैकी एकाचा त्याला विसर पडला असता. १.०१६ या आकड्यात या चुकीची काहीही चाहूल लागत नाही.

दुसरा मुद्दा अधिक मूलगामी आहे. चाचणी कठीण आहे की सोपी, हे ठरविण्यासाठी प्रतिमानाशिवाय केलेला अंदाज तिच्यापुढे ठेवून पाहावा लागतो. काहीच माहीत नाही असे समजून तिघांना समान हिस्सा दिला, तर निर्देशांक सुमारे १.२१ येतो. तो मर्यादेबाहेर आहे. म्हणजे चाचणी अगदीच निरर्थक नाही. परंतु या दुकानांची ओळख असलेल्या कोणी ‘निम्मा वॉलमार्टचा, उरलेल्यात ३० केमार्टचा व २० टार्गेटचा’ असा ढोबळ अंदाज केला, तर त्याच सूत्राने निर्देशांक सुमारे १.०१ येतो, म्हणजे प्रतिमानाहूनही किंचित सरस. ‘५०, २५, २५’ असे म्हटले तरी तो १.०२५ च्या आत राहतो. ‘६०, ३०, १०’ हा अंदाज मात्र १.१४ वर जाऊन अनुत्तीर्ण होतो.

येथे एक आक्षेप संभवतो. उत्तर हाती असताना ‘५०, ३०, २०’ हे आकडे निवडणे सोपे आहे. आक्षेप रास्त आहे. या एका ढोबळ अंदाजावरून प्रतिमान निकृष्ट ठरत नाही. परंतु हाच आक्षेप प्रतिमानालाही लागू पडतो. जोडीनिहाय तुलना करणाऱ्यांना ही दुकाने परिचयाची असतात आणि वॉलमार्ट सर्वांत मोठे आहे, हे त्यांना ठाऊक असते. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवून दिले होते, की एखाद्याविषयीचे एकंदर मत त्याच्या प्रत्येक सुट्या गुणाच्या मूल्यमापनात शिरते. ‘स्वच्छतेत कोण सरस?’ या प्रश्नाच्या उत्तरातही ‘मोठे कोण?’ याचे उत्तर नकळत मिसळते. तिन्ही दुकानांची तुलना १९ घटकांपैकी प्रत्येकाच्या संदर्भात केली, तर ५७ प्रश्न होतात, आणि त्या सर्वांत एकच पूर्वग्रह विखुरलेला असू शकतो. मग जालाने हिस्सा शोधून काढला, की जाणकारांच्या मनात आधीच असलेला हिस्सा ५७ तुकड्यांत घेऊन पुन्हा जोडला? केवळ १.०१६ या आकड्यावरून याचा निवाडा होत नाही.

ही शंका नवी नाही. अभिप्रायाधारित विपणन प्रतिमानांविषयी चक्रवर्ती, मिचेल व स्टेलिन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष उत्साहवर्धक नव्हते. एएचपीबाबतही बेल्टन व गिअर यांनी १९८३ मध्ये दाखविले, की नवा पर्याय वाढविल्यास जुन्या पर्यायांचा आपसातील क्रम उलटू शकतो.

पसंती, पैसा आणि बाजाराची सीमा

प्रतिमान ‘प्रभाव’ मोजते; बाजारहिस्सा मात्र पैशात मोजला जातो. ग्राहकाला दुकान आवडणे व त्याने तेथे किती रक्कम खर्च करणे, या भिन्न गोष्टी आहेत. वरील १९ घटकांत दुकानांची संख्या वा विक्रीचे क्षेत्रफळ यांना स्वतंत्र स्थान नाही. पसंतीचे रूपांतर पैशात कसे होते, हा दुवा गृहीतच धरलेला आहे.

शिवाय हिस्सा कशातला, हे पर्यायांच्या यादीवरून ठरते. तीन दुकाने घेतली की त्या तिघांची बेरीज शंभर होणारच. महाराष्ट्रातील संशोधकाने हे विशेष ध्यानात घ्यावयास हवे. २००२ मध्ये पवईत पहिले दुकान उघडणारे डीमार्ट, १९४८ पासूनचे मुंबईचे अपना बाजार आणि वारणानगरचा वारणा बाजार असे तीन पर्याय घेऊन सुबक जाल उभारता येईल. परंतु किराणा मालाच्या खरेदीचा मोठा भाग आजही गल्लीतील वाण्याकडे होतो. तो उधारी देतो, घरपोच माल पाठवितो व सुटी साखरही देतो. त्याला वगळून काढलेला आकडा तीन संस्थांचे आपसातील प्रमाण होय. त्याला बाजारहिस्सा म्हणता येणार नाही.

काळाचाही विचार आवश्यक आहे. स्थिरावलेले मॅट्रिक्स एका क्षणाचे चित्र देते. १९९८ मध्ये या तिघांत चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक वाटा असलेल्या केमार्टने जानेवारी २००२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याची पूर्वसूचना देण्याचा दावा प्रतिमानाने केला नव्हता, म्हणून हा त्याचा दोष नव्हे. परंतु अंदाज व भाकीत यांत गल्लत करणाऱ्या वाचकास हा इशारा पुरेसा आहे.

निष्कर्ष

या चिकित्सेवरून एएनपी त्याज्य ठरत नाही. कोणते घटक परस्परांवर अवलंबून आहेत हे स्पष्ट लिहावयास लावणे, जाणकारांतील मतभेद नेमका कोठे आहे हे दाखविणे व उत्तरांतील विसंगती उघड करणे, ही तिची खरी बलस्थाने होत. मात्र निर्देशांक १.१० च्या आत आला म्हणून प्रतिमान प्रमाणित झाले, असे मानता येणार नाही. शोधप्रबंधाच्या मार्गदर्शकाने विद्यार्थ्याकडे किमान चार गोष्टींचा आग्रह धरावा. तुलना सुरू करण्यापूर्वी त्याच जाणकारांकडून हिश्श्याचा थेट अंदाज लिहून घ्यावा व प्रतिमानाचे उत्तर त्याहून सरस ठरते का, ते पाहावे. प्रत्येक पर्यायाची सापेक्ष चूक स्वतंत्रपणे नोंदवावी. कोणते विक्रेते वगळले व का, हे सांगावे. आणि शक्य तेथे जाणकारांना ज्यांचे आकडे ठाऊक नाहीत, अशाच बाजाराची निवड करावी.

ज्या बाजाराची माहिती आधीच उपलब्ध आहे, तेथे ही पद्धत बरोबर ठरली तरी तिची गरज नसते. जेथे माहिती नाही, तेथेच तिची गरज असते. आणि तिची खरी परीक्षाही तेथेच व्हावयास हवी.