डायब्लोस, पुन्हा एकदा

'मॉन्स्टर हंटर' या खेळातला शिकारी कधीच मोठा होत नाही. कॅपकॉम या जपानी कंपनीने 2004 साली प्लेस्टेशन 2 साठी याचा पहिला भाग काढला, तेव्हापासून ही गोष्ट बदललेली नाही. इतर रोल-प्लेइंग गेममध्ये किरकोळ शत्रूंचा फडशा पाडत गेलं की पात्राच्या खात्यावर अनुभवाचे गुण जमा होतात, पातळी चढते आणि काल भारी पडणारा आज एका फटक्यात आडवा होतो. इथे अनुभवाचे गुणच नाहीत. 'हंटर रँक' नावाचा एक आकडा वाढत जातो खरा, पण तो फक्त पुढची दारं उघडतो. चिलखत उतरवून उभं केलं, तर वर्षानुवर्षं शिकारीला जाणारा गडी आणि काल आलेला नवखा यांच्यात खेळाच्या हिशेबी काडीचाही फरक नसतो. असलाच तर तो कंट्रोलर धरलेल्या हातांत.

हे लक्षात आलं नाही तर सगळा प्रकार निव्वळ हमाली वाटतो. गावातून निघा, प्राणी शोधा, मारा, त्याचे खवले आणि हाडं सोलून आणा, लोहाराकडून त्याचं हत्यार घडवून घ्या, ते घेऊन जरा मोठा प्राणी मारा. हत्याराला दोन खवले कमी पडले तर पुन्हा तोच प्राणी. शेजारी बसून पाहणारा अर्ध्या तासात विचारतो, 'हा मघाशीच मारला होतास ना?' मारला होता. मघाशीही, कालही, आणि रविवारी तर दिवसभर तोच. तरीही 2018 साली आलेल्या 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड'च्या दोन कोटींहून जास्त प्रती खपल्या. एवढ्या लोकांनी पदरचे पैसे मोडून हमाली पत्करली, हे काही पटत नाही.

त्या 'वर्ल्ड'मधली एकच शिकार घेऊ. प्राणी डायब्लोस, हातात ग्रेटसोर्ड.

डायब्लोस पहिल्या भागापासून आहे. वाळवंटातला, दोन लांब पिळदार शिंगांचा, शेपटीच्या टोकाला गदेसारखा जाड गठ्ठा असलेला. पंख आहेत, पण त्याचा बराच वेळ जातो वाळूखाली. आणि हा शाकाहारी आहे. दुरून थोडा वेळ पाहत राहिलं तर निवडुंग खाताना दिसतो. त्याचा काळा प्रकार म्हणजे विणीच्या काळातली मादी, आणि ती नराहून तापट. खाण्यासाठी कुणाला मारावं लागत नसलेला हा प्राणी त्याच्या हद्दीत पाऊल टाकणाऱ्याला मात्र उभं राहू देत नाही. गेममधल्या अनेक आग ओकणाऱ्या ड्रॅगनांपेक्षा हा मला जास्त खरा वाटतो, तो याच हट्टामुळे.

ग्रेटसोर्ड म्हणजे माणसाच्या उंचीची तलवार. खेळातल्या चौदा हत्यार-प्रकारांपैकी सगळ्यात जड, आणि सगळ्यात साधीही. बटण दाबून धरलं की शिकारी ती खांद्यामागे नेऊन ताकद साठवतो. ताकदीच्या तीन पायऱ्या. तिसऱ्या पायरीवर सोडली तर डोंगर फुटावा असा घाव, आणि क्षणभर जास्त धरली तर जोर ओसरलेला. घाव सुटला की सुटला. मधेच मन बदलून बाजूला उडी मारायची सोय नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत त्याला मागे फिरता येत नाही, आणि चपळ खेळाडू नेमक्या त्या बंधनावर जगतात. इथे दोघांनाही तोच नियम आहे. डायब्लोसही डोकं खाली घालून सुटला की अधेमधे थांबत नाही. दोघांपैकी कोण आधी स्वतःला बांधून घेतो, यावर सगळा डाव.

पहिल्या भेटीत यातलं काहीच कळत नाही. डायब्लोस ओरडतो आणि शिकारी कानांवर हात ठेवून जागच्या जागी वाकतो. तेवढ्यात शिंगं येऊन आदळतात. उठून औषधाची बाटली काढावी तर जमीन हादरते आणि पायाखालून तो वर येतो. बेशुद्ध पडलेल्या शिकाऱ्याला खेळातली मदतनीस मांजरं हातगाडीवर घालून आणतात आणि तंबूसमोर मालासारखं ओततात. तीनदा गाडी आली की मोहीम फसली. नाहीतर हाताशी पन्नास मिनिटं असतात, आणि नवख्याला ती पुरत नाहीत.

मग बदल होतो तो नजरेत. सुरुवातीला डोळे स्वतःच्या प्राणशक्तीच्या पट्टीवर खिळलेले असतात. नंतर ते शिंगांवर जातात, कारण मार तिथून बसतो. आणखी काही शिकारींनंतर नजर आपोआप खाली उतरते, त्याच्या पायांवर. शेपटी फिरवण्याआधी तो पाय रोवतो. वाळूत शिरला की धुळीची एक रेघ पुढे पळते, आणि ती कुठल्या दिशेने वळली ते पाहिलं की तो कुठून बाहेर येणार हे कळतं. तो चवताळलेला नसेल तर त्याच वेळी 'स्क्रीमर पॉड'चा कर्कश आवाज करून त्याला अर्धवट वर खेचता येतं. चवताळलेला असेल तर त्याला आवाजाची पर्वा नसते. हे कुठल्याही धड्यापेक्षा मार खाऊन जास्त चांगलं कळतं.

असं करत एक दिवस तो घाव जमतो. डायब्लोस समोर नाही. शिकारी रिकाम्या वाळूकडे तोंड करून तलवार मागे नेतो. पहिली पायरी, दुसरी. तो धावत निघालाय, अजून बराच लांब आहे. तिसरी पायरी. बटण सुटतं आणि तलवार हवेत असतानाच त्याचं डोकं तिच्याखाली येतं. पातं लागताच चित्र पळभर अडखळतं, जणू धार हाडात रुतलीय. मग आकडा उमटतो आणि एवढं मोठं धूड तोंडावर पडतं. घाव सुरू झाला तेव्हा त्या जागी काहीच नव्हतं. तो तिथे येणार, हे ठाऊक होतं. हे ठाऊक असणं विकत मिळत नाही, कुठल्या पातळीबरोबर बक्षीसही मिळत नाही. त्याच प्राण्यासमोर इतक्या वेळा उभं राहिल्याखेरीज ते येतच नाही.

'वर्ल्ड'मधल्या ग्रेटसोर्डला आणखी एक डाव मिळाला, खांद्याची धडक. ताकद साठवत असताना आरोळी किंवा धक्का आला तर सोडून पळायचं नाही, खांदा पुढे करून तो अंगावर घ्यायचा आणि पुढची पायरी गाठायची. ज्या आरोळीने पहिल्या दिवशी कानांवर हात ठेवायला लावलं, तीच आता संधी होते: तो ओरडतोय, म्हणजे तो जागेवर आहे. आरोळी एका तसूनेही बदललेली नाही.

प्राण्याच्या डोक्यावर ताकदीची पट्टी दाखवायची नाही, हा या मालिकेचा जुना निर्णय, आणि माझ्या मते सगळ्यात शहाणा. किती उरलाय ते अंगावरून ओळखायचं. दमला की तोंडातून लाळ गळते. चवताळला की श्वास बदलतो. मरणाच्या दारात आला की लंगडत बिळाकडे निघतो आणि तिथे झोपतो. 'वर्ल्ड'ने नकाशाच्या कोपऱ्यात थोडी खूण देऊन हे सोपं केलं, पण मुरलेला खेळाडू अजूनही चालीकडेच बघतो. या लंगडण्यापाशी मात्र खेळ अडचणीत येतो. निवडुंग खाणारा एक जीव पाय ओढत घराकडे चाललाय आणि आपण त्याच्या उशाशी स्फोटकांची पिंपं रचतोय. निसर्गाचा तोल राखायला हे करावं लागतं, असं कथेत सांगतात खरं, पण ते कुणालाच फारसं पटत नसावं. सापळा लावून, गुंगीचे गोळे टाकून त्याला जिवंत पकडायचा मार्ग आहे. तो निवडणाऱ्यांत वेळ वाचवणारे जास्त असतात की जीव वाचवणारे, हे विचारू नये.

आता कच्च्या मालाबद्दल. डायब्लोसचं शिंग हवं असेल तर शिंगावर मारत राहावं लागतं, एकेक शिंग वेगळं मोडतं. शेपटीचा भाग हवा तर ती कापावी लागते, आणि हातोड्याने ती कधीच तुटत नाही. म्हणजे काय हवं आहे त्यावर हत्यार ठरतं, उभं राहायची बाजू ठरते, धोका ठरतो. काल डोक्यासमोरून लढलेली शिकार आज पाठीमागून लढावी लागते. आणि घडून आलेल्या वस्तूत प्राण्याचा स्वभाव उतरतो: डायब्लोसच्या हाडांची हत्यारं ताकदीला भारी, पण मधूनमधून घाव कच्चा बसतो. तापट बापाची तापट पोरं.

याच व्यवस्थेचा एक कोपरा मात्र मला अजिबात आवडत नाही. रॅथलोस या उडत्या ड्रॅगनचं माणिक घ्या. वरच्या श्रेणीत ते मिळण्याची शक्यता बहुतेक मार्गांनी शेकडा एक ते तीनच्या आसपास. इथे कौशल्य उपयोगाचं नाही, नुसते फासे टाकायचे. जपानी खेळाडूंत एक थट्टा रूढ आहे: यंत्राच्या पोटात म्हणे एक संवेदक असतो, तुमच्या मनातला लोभ त्याला कळतो आणि नेमकी तीच वस्तू तो अडवून धरतो. थट्टा छान आहे, पण ती सुचावी लागली यातच तक्रार आली. 'वर्ल्ड'मधल्या चिलखतात बसवायच्या मण्यांचं तर याहून वाईट, ते मिळणं संपूर्ण नशिबावर. या भागाला कुणी हमाली म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

जपानात हा खेळ घराघरांत पोचला तो पीएसपी या हातात धरायच्या यंत्रामुळे. चौघांनी आपापलं यंत्र घेऊन एका टेबलाशी बसायचं आणि एकच प्राणी मारायचा. चौघं असले की पुनरावृत्तीची चव आणखी बदलते, कारण आता डायब्लोसखेरीज तीन माणसंही वाचावी लागतात. ग्रेटसोर्डचा खालून वर येणारा घाव जवळच्या सोबत्याला हवेत उडवतो. तो चुकून बसतो, आणि दरवेळी चुकूनच बसतो असंही नाही. त्या जुन्या भागांत औषध प्यायल्यावर शिकारी दोन्ही दंड फुगवून ऐटीत उभा राहायचा, आणि तेवढ्यात कित्येकदा पुढचा फटका बसायचा. 'वर्ल्ड'मध्ये चालता चालता पिता येतं. सोय झाली हे मान्य, पण त्या दंडांची आठवण येते.

'वर्ल्ड'चा जोडभाग 'आइसबोर्न' 2019 मध्ये आला. नव्या लोकांना लवकर तिथवर पोचता यावं म्हणून कंपनीने मूळ खेळात 'गार्डियन' चिलखत आणि 'डिफेंडर' हत्यारं देऊन टाकली. ती इतकी जबर की डायब्लोसने आरोळी ठोकायच्या आत त्याचा निकाल लागावा. जुने खेळाडू नवख्यांना कळकळीने सांगतात, ती पेटीतच राहू द्या. नवख्यांना तो म्हाताऱ्यांचा हट्ट वाटतो. मग ते 'आइसबोर्न'च्या बर्फात बॅरिऑथ नावाच्या प्राण्यासमोर येतात. तो डावी-उजवीकडे झेपावत अंगावर येतो, इथे 'डिफेंडर'ची मिजास चालत नाही, आणि कुणाचे पाय पाहायचे हे त्यांच्या हातांना कधी शिकावंच लागलेलं नसतं. मांजरांची गाडी तीनदा येते. त्यातले बरेच जण मग तक्रार करतात की खेळ एकदम अवघड झाला. काही जण गुपचूप परत फिरतात, साधी लोखंडी तलवार घेतात आणि वाळवंटाची वाट धरतात.