धन्यता आणि भोग : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील दुःखविचार

फर्दापूरहून वाघूर नदीच्या घळीत गेल्यावर अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात एक प्रसिद्ध भित्तिचित्र आढळते. ‘मरणासन्न राजकन्या’ या नावाने ते ओळखले जात असले, तरी बहुतेक अभ्यासकांच्या मते ती नंदाची पत्नी सुंदरी होय. भगवान बुद्धांनी आपल्या या सावत्र भावास प्रव्रज्या दिली. त्याने टाकलेला मुकुट सेवकाने घरी आणला आणि तो पाहून ती कोसळली. मान कललेली, पापण्या जड झालेल्या, सख्यांनी सावरून धरलेली अशी ती तेथे चितारलेली आहे. वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात हे लेणे करविले. नंद पुढे अर्हत्पदास पोचला, हे अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ काव्यावरून सर्वश्रुत आहे. अठरा सर्गांच्या त्या काव्यात सुंदरीच्या विलापास सहावा सर्ग लाभला. काव्याचे नायकत्व मात्र नंदाकडेच राहिले.

एकाला प्राप्त झालेल्या धन्यतेचे मोल दुसऱ्याने, आणि तेही न विचारता, का द्यावे, हा प्रश्न त्या भिंतीवर निःशब्द आहे. त्यानंतर सुमारे चौदाशे वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि तोच प्रश्न एका मराठी स्त्रीपुढे उभा राहिला. भेद इतकाच, की या वेळी ती स्त्री बोलली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचा विचार आत्मचरित्र म्हणून, स्त्रीलेखन म्हणून, भाषेचा नमुना म्हणून पुष्कळ झाला आहे. ख्रिस्ती दुःखविचाराचा ग्रंथ म्हणून तो क्वचितच वाचला जातो. वस्तुतः मराठीत या विषयावर झालेले सर्वांत कसदार लेखन तेच होय.

हे विधान पटावयाचे, तर प्रथम शब्दांकडे पाहिले पाहिजे. मराठीत ‘आशीर्वाद’ वडीलधाऱ्याकडून धाकट्याकडे येतो. वाकून नमस्कार केल्यावर तो मिळतो, आणि त्यात पुत्र, सौभाग्य, आयुष्य अशा काही फलाचे आश्वासन असते. नव्या करारात मात्र पर्वतावरील प्रवचनाच्या आरंभी जो शब्द आहे, तो आशीर्वादाचा नव्हे. मूळ ग्रीक भाषेत ‘मकारिओस’ हा शब्द अवस्था दर्शवितो, देणगी दर्शवीत नाही. आशीर्वादासाठी त्या भाषेत निराळा धातू आहे. इंग्रजीत दोहोंना बहुधा एकच शब्द पुरतो. मराठी भाषांतरकारांनी तेथे ‘धन्य’ हा शब्द योजून मूळचा भेद राखला, हे त्यांचे मोठेच यश मानले पाहिजे. तथापि ‘धन्य’ या शब्दाच्या पोटात ‘धन’ आहेच, आणि शोक करणारे, छळ सोसणारे लोक धन्य कसे, हा मराठी श्रोत्याचा स्वाभाविक प्रश्न शब्दाच्या निवडीने सुटत नाही.

दुसऱ्या बाजूस ‘भोग’ हा शब्द उभा आहे. सुखाचा उपभोग आणि दुःखाचे भोगणे, दोन्ही मराठीत एकाच शब्दात सामावतात, कारण दोन्ही पूर्वकर्माचे फल मानले गेले आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्यास पाहून शिष्य विचारतात, की पाप याचे की याच्या आईबापांचे? हा प्रश्न एखाद्या मराठी कीर्तनातील श्रोत्यानेही तसाच विचारला असता. ख्रिस्त दोन्ही पर्याय नाकारतो. दुःखाचा आणि अपराधाचा हिशेब तेथे तुटतो. ईयोबाच्या पुस्तकात तो त्याआधीच तुटलेला आहे. मराठी ख्रिस्ती लेखकाची खरी कसोटी हीच, की त्याच्या लेखणीने हा हिशेब तुटला की केवळ नव्या खातेवहीत उतरला.

फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’बाबत (रायतूर, १६१६) येथे विस्ताराची आवश्यकता नाही. ओवी, पुराणाची चौकट, वैकुंठासारखे शब्द यांच्या आधाराने त्यांनी ख्रिस्तकथा मराठीत रुजविली. परंतु पुराणाच्या चौकटीबरोबर फलश्रुतीची अपेक्षाही येते, आणि त्या अपेक्षेशी त्यांचा झगडा फारसा जाणवत नाही.

पंडिता रमाबाईंच्या ठिकाणी झगडा आहे, आणि तो दारुण आहे. त्यांच्या आईवडिलांनी आपले द्रव्य तीर्थयात्रा, दाने, अनुष्ठाने यांत वेचले. दुष्काळ आला तेव्हा देवतांकडून कोणतेही साहाय्य आले नाही, आणि मातापिता व बहीण अन्नान्न करीत गेली. व्यवहाररूप आशीर्वादाची इतकी कठोर परीक्षा मराठी वाङ्मयात अन्यत्र सापडणे कठीण. तथापि १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मनिवेदनाची रचना पाहिली, तर पूर्वी प्रार्थना निष्फळ झाली आणि आता सफल झाली, असाच तिचा ओघ आहे. देव बदलला, मागणे आणि मिळणे हा क्रम राहिला. केडगावच्या मुक्तिसदनात अनाथ स्त्रियांचा जो संसार त्यांनी उभा केला, त्याचे मोल या निरीक्षणाने तिळभरही कमी होत नाही. शिवाय त्यांचे अखेरचे उत्तर आत्मनिवेदनात नाहीच. १९२१ च्या जुलैमध्ये एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. त्यानंतरही हिब्रू व ग्रीक मुळांवरून चाललेले बायबलचे भाषांतर रमाबाईंनी सोडले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला. भाषांतर १९२४ साली प्रकाशित झाले. जुन्या दर्शनांचा वास असलेले संस्कृत शब्द त्यांनी त्यात कटाक्षाने टाळले. एरवी हा हट्ट वाटेल. पण ज्या शब्दांच्या भरवशावर आईवडील उपाशी मेले, त्या शब्दांविषयीचा तो अविश्वास होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याची धार कळते.

टिळकांचा मार्ग याच्या उलट. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत, आणि त्यांच्या अभंगांतील दुःख हे भक्ताचे दुःख आहे : विरहाचे, समर्पणाचे, स्वतःस उधळून देण्याचे. ते उत्कट आहे यात संशय नाही. परंतु स्वेच्छेने पत्करलेले दुःख अर्धे धन्य झालेलेच असते. क्रूस उचलणाऱ्यास निदान तो उचलण्याचा मान तरी मिळतो.

लक्ष्मीबाईंना तो मान नव्हता. १८९५ पासून सुमारे पाच वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पती हयात, म्हणून लग्नातला सौभाग्याचा आशीर्वाद अक्षरशः खरा ठरलेला. पती धर्मांतरित, म्हणून संसार मोडलेला. आशीर्वाद फळला असताना मनुष्य असा उघडा पडू शकतो, ही गोष्ट कोणत्याही प्रवचनापेक्षा या परिस्थितीतून अधिक स्पष्ट होते. पुढे त्या टिळकांकडे आल्या, सोवळे हळूहळू सुटले, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. येथे सामान्य साक्षकथेची वाट सरळ होती : ती पाच वर्षे म्हणजे ईश्वराची योजना होती, असे एक वाक्य लिहिले की दुःखाचा जमाखर्च जुळला असता. ‘स्मृतिचित्रे’त तो जुळविलेला नाही. पुढच्या श्रद्धेने मागचे दुःख रास्त ठरत नाही. ते होते तसे, आपल्या जागी, राहते. टिळकांचा शीघ्रकोप, घरातील चीजवस्तू दुसऱ्यास देऊन टाकण्याची त्यांची वृत्ती, हे सर्व प्रेमाने पण कसलेही पांघरूण न घालता सांगितले आहे.

हे साधले ते विनोदामुळे. लक्ष्मीबाईंचा विनोद म्हणजे स्वभावाचा खेळकरपणा, एवढ्यावर समीक्षकांनी बहुधा समाधान मानले आहे. त्याचे कार्य त्याहून खोल आहे. जो स्वतःच्या दुःखास हसतो, तो ते दुःख कोणापुढे तारण म्हणून ठेवीत नाही. हुतात्म्याच्या भूमिकेत दडलेला मोबदल्याचा दावा या हसण्याने निकालात निघतो, आणि मग शोक करणारे धन्य या वचनातील विरोधाभास उलगडण्याची गरजच उरत नाही. शोक आणि धन्यता एकाच घरात, एकाच चुलीपाशी नांदताना दिसतात.

यावर असा आक्षेप संभवतो, की ही घरगुती आठवणींची पुस्तके. त्यांत धर्मविचार शोधणे म्हणजे समीक्षकाने आपले पदरचे घालणे होय. आक्षेप सर्वस्वी निराधार नाही, कारण लक्ष्मीबाई सिद्धान्त कोठेच मांडीत नाहीत. पण त्यांच्याच हातचे दुसरे काम येथे विचारात घ्यावे लागते. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९ साली त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, आणि त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. १९३८ साली, त्यांच्या निधनानंतर, ते प्रसिद्ध झाले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागशः बाहेर पडली. म्हणजे स्वतःच्या दुःखाविषयी हसत लिहिणारा हात आणि ख्रिस्तचरित्र ओवीत आणणारा हात एकच होता. नंदाचे काव्य येथे सुंदरीच पुढे लिहीत होती.