बिनरंगाचं पहिलं पान

आमच्या पूनम सागरमध्ये जिन्याखाली सोसायटीचा सूचना फलक आहे. टाकी धुवायची असली की त्यावर एक कागद लागतो. वर मधोमध ‘सूचना’, खाली दोन वाक्यांचा मजकूर, मग कोणत्या विंगचं पाणी किती वाजता बंद याची यादी आणि शेवटी ठरलेली ओळ : अधिक माहितीसाठी कार्यालयात भेटावे. हा कागद आठवला तो भाचीमुळे. अकरावीत आयटी घेतलेली ती सुट्टीत आली होती आणि वेब पानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलचे टॅग घोकत होती. घोकून ते कंटाळवाणेच होणार. म्हणून तिच्यापुढे जगातलं पहिलं वेब पान उघडलं. पांढऱ्यावर काळी अक्षरं आणि मधूनमधून निळे शब्द. ‘मामा, एवढंच?’ ती म्हणाली.

एवढंच. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी 1990 च्या अखेरीस हे पान पहिल्यांदा रचलं, 1991 मध्ये ते बाहेरच्या जगाला खुलं झालं. 2013 मध्ये सर्नने ते मूळ पत्त्यावर पुन्हा उभं केलं. आज दिसते ती 1992 ची प्रत. पण त्याची गोडी कळायची तर कंट्रोल आणि यू ही बटणं एकत्र दाबून पानाच्या पाठीमागे जावं लागतं. जरीचा पदर उलटा करून धागे पाहावेत, तसं.

तिथे टोकदार कंसांत बसवलेले छोटे शब्द दिसतात. तेच टॅग. पहिला ‘हेडर’, पुढे त्याचं ‘हेड’ झालं. त्याच्या पोटात ‘टायटल’. हे नाव पानावर उमटत नाही, खिडकीच्या माथ्यावर दिसतं. मग ‘बॉडी’ सुरू होते आणि तिच्यात ‘एच-वन’, म्हणजे पानावरचं मुख्य शीर्षक. एकाच मजकुराला दोन नावं कशाला? पुस्तकाचं नाव कण्यावर असतं आणि आतल्या पानावरही. एक फडताळात शोधणाऱ्यासाठी, दुसरं वाचायला बसलेल्यासाठी. पानाने दोघांचीही सोय पाहिली आहे.

यानंतर भाचीने चूक पकडली. परिच्छेदाचा ‘पी’ उघडलेला आहे, पण तिरकी रेघ देऊन तो बंद करणारा जोडीदार कुठेच नाही. चूक नव्हे. तेव्हा ‘पी’ हा दोन परिच्छेदांमधला दुभाजक होता. पुढे तो परिच्छेदाला कवेत घेणारा टॅग झाला. ‘ए’ मात्र तेव्हाही बंद करावा लागे, कारण दुवा कोणत्या अक्षरावर संपतो हे सांगितल्याशिवाय चालणारच नाही.

हा ‘ए’ म्हणजे पानाचा प्राण. शीर्षकं, याद्या, परिच्छेद यांच्या खुणा छपाईच्या जगात आधीपासून होत्या. बर्नर्स-ली यांनी त्या तिथूनच उचलल्या. एका पानातून दुसऱ्या संगणकावरच्या पानात नेणारी खूण ही त्यांची भर. ती वापरण्यातली नजाकत पाहा. पहिल्याच वाक्यात ‘हायपरमीडिया’ हा अवघड शब्द येतो. लेखक तिथे थांबून व्याख्या देत नाही, तळटीपही टाकत नाही. त्या शब्दालाच दार करतो. ज्याला अडलं त्याने आत जावं, ज्याला कळलं त्याने पुढे चालावं. ‘येथे क्लिक करा’ असं पुढे वेबभर बोकाळलेलं वाक्य या पानावर नाही. आमच्या फलकावरची ‘कार्यालयात भेटावे’ ही ओळ करते तेच काम हा दुवा करतो, पण वाचकाला जागचं न उठवता.

खाली यादी आहे, ‘डीएल’, ‘डीटी’ आणि ‘डीडी’ या तीन टॅगांची. शब्दकोशाची बांधणी : आधी शब्द, मग त्याचा अर्थ. काय काय उपलब्ध आहे, सॉफ्टवेअर कोणतं, माणसं कोण, इतिहास काय, अशा नोंदी ओळीने येतात. त्यांतच एक नोंद वाचक स्वतः मदत कशी करू शकेल ते सांगते. पहिल्याच पानाने वाचकाला कामात ओढलं आहे.

चित्र कुठेही नाही. चित्राच्या टॅगची सूचना 1993 ची. रंग नाही, अक्षराचं वळण ठरवणारा ‘फॉण्ट’ही नाही. तो नंतर आला आणि मराठीने त्याचा जाच पुरेपूर भोगला. युनिकोड रुळण्यापूर्वी कितीतरी मराठी संकेतस्थळांवर आत रोमन अक्षरंच असत, वरून ‘फॉण्ट’ टॅग त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवी. वाचकाकडे नेमका तो फॉण्ट नसला की बातमीच्या जागी अगम्य चिन्हांचा कचरा दिसे. शोधयंत्रालाही ती मराठी आहे हे कळत नसे. 1997 च्या एचटीएमएल 4 ने तो टॅग टाळण्याजोगा ठरवला. रूपाचं काम वेगळ्या शैलीपत्रकाकडे गेलं.

नवशिक्याने या पानावरून घ्यायचा धडा माझ्या मते हाच. दिसणं सांगणारा टॅग बाद झाला. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा, असं मजकुराचं काम सांगणारे टॅग तीस वर्षांनंतरही कामावर आहेत. म्हणून अक्षर मोठं दिसावं यासाठी ‘एच-वन’ वापरू नये. ते शीर्षक असेल तरच वापरावं. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर याच खुणांवर चालतं.

भाचीने संध्याकाळी टाकी धुण्याची सूचना एचटीएमएलमध्ये लिहिली : एक ‘एच-वन’, एक ‘पी’, विंगांची यादी. वर भाषेच्या जागी मराठीची ‘एमआर’ ही खूण आणि अक्षरांसाठी यूटीएफ-8. रंग एकही नव्हता. तुम्हीही पहिलं पान असंच बिनरंगाचं लिहा. ते नीट वाचता आलं, तर रंग कधीही भरता येतात.