पूक्को : हाताच्या मापाचे सौंदर्य

फराळाच्या ताटाशेजारी शिकारीच्या सुरीचे रसग्रहण वाढावे, हे काही वाचकांना विपरीत वाटेल. परंतु सुपारी कातरण्याच्या हत्यारातही कला पाहणारे आपण लोक आहोत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते ज्यांनी डोळे भरून पाहिले असतील, त्यांनी फिनलंडच्या ‘पूक्को’विषयी चार शब्द ऐकायला हरकत नसावी.

पूक्को ही न मिटणारी, आखूड, एकधारी सुरी. पाते बहुधा ९-१० सेंटिमीटरचे, म्हणजे जवळजवळ तळहाताच्या रुंदीचे. मूठ बर्चच्या गाठाळ लाकडाची, नाहीतर त्याच झाडाच्या सालीच्या चकत्या एकावर एक दाबून केलेली. मूठ आणि पाते यांच्यामध्ये बोटे अडवणारी आडपट्टी नसते. नवख्याला ही उणीव वाटते. मला तेच तिचे मर्म वाटते. लाकूड तासणे, मासा साफ करणे, शिकारीचे कातडे सोडवणे ही तिची कामे. त्यांत बोट पात्याच्या मुळाशी सरकवावे लागते. तेथे आडपट्टी म्हणजे अडगळच. धारेची उतरण रुंद आणि सपाट असते. तीच दगडावर टेकवून घासली की कोन आपोआप साधतो. रानात एकट्या पडलेल्या माणसाचा विचार त्या एका उतरणीत आहे.

पण केवळ गोडवे गाणे ही समीक्षा नव्हे. एकोणिसाव्या शतकात फिनलंडच्या पश्चिमेकडील ऑस्ट्रोबॉथ्निया प्रांतात याच सुऱ्यांनी दहशत घालणारे गुंड होऊन गेले. कामासाठी घडलेली वस्तू रागाच्या हाती गेली, हा इतिहास संग्राहकाने कपाटाआड दडवू नये.

त्याच प्रांतातल्या कौहावा गावी १८७९ साली ईसाक्की यार्वेनपाचा सुऱ्यांचा कारखाना सुरू झाला. मुठीच्या टोकाला घोड्याचे मस्तक असलेली कौहावाची सुरी संग्राहकांची लाडकी. घोडा देखणा आहे खरा. परंतु नजर त्याच्यावरच खिळते आणि पाते बिचारे मागे राहते. उलट, काचशिल्पांसाठी गाजलेल्या तापिओ विर्कालाने १९६०च्या दशकाच्या प्रारंभी हाकमान कंपनीसाठी पूक्को रेखाटली, तिची मूठ चक्क काळ्या नायलॉनची! परंपरेचे अभिमानी नाक मुरडोत. मला मात्र नक्षीशिवाय, केवळ आकारावर उभ्या असलेल्या त्या सुरीत जुन्या पूक्कोचा जीव अधिक दिसतो. परंपरा लाकडात नसते, हाताच्या सोयीत असते.

आता प्रश्न संग्रहाचा. फिनलंडमध्ये २००३च्या कायद्यानुसार सार्वजनिक जागी कामाच्या किंवा तशाच सबळ कारणाशिवाय सुरी बाळगता येत नाही. कायदा योग्यच आहे. पण जी वस्तू पट्ट्याला लटकत होती ती त्यामुळे अधिकच कपाटात जाते, आणि तेथे संग्राहकाची जबाबदारी वाढते. न वापरलेली, कोरी करकरीत सुरी त्याला अधिक मोलाची वाटते. मी मात्र झिजलेल्या पात्याच्या बाजूचा. वर्षानुवर्षे दगडावर घासून अरुंद झालेले पाते आणि हाताच्या तेलाने काळवंडलेली मूठ यांत कारागिराइतकाच वापरणाराही दिसतो. संग्रहात कोरी सुरी जरूर ठेवावी. पण तिच्या शेजारी एक झिजलेली नसेल, तर पाहणाऱ्याला ती कशासाठी होती हे कळायचे कसे?

आपल्या घरच्या माळ्यावरची आजीची विळी या दिवाळीत भंगारात निघणार असेल, तर वाचकहो, तिच्या पात्याची झीज एकदा उजेडात धरून पाहा.