संत चोखामेळा यांचा अपघाती मृत्यू आणि आप्तांचा शोक : एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी संतसाहित्यात मृत्यूची वर्णने विपुल आहेत. परंतु त्यांतील सर्वाधिक परिचित वर्णने संकल्पपूर्वक स्वीकारलेल्या मृत्यूची आहेत. ज्ञानेश्वरांची आळंदी येथील समाधी (१२९६) हे त्याचे ठळक उदाहरण होय. तेथे निरोपाला अवधी आहे, भोवती सोबती आहेत, शोकालाही एक क्रम आहे. अपघाती मृत्यूत यांपैकी काहीच नसते. कामावर गेलेला माणूस परत येत नाही, एवढेच घरच्यांच्या हाती उरते. अशा मृत्यूचे संतपरंपरेतील महत्त्वाचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याचे आहे. चोखामेळा यांच्या निधनाची कथा प्रायः चमत्कारकथा म्हणून किंवा सामाजिक विषमतेचा पुरावा म्हणून वाचली जाते. प्रस्तुत लेखात ती आप्तवियोगाची कथा म्हणून तपासावयाची आहे.

कथेचे स्वरूप

परंपरेनुसार शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबांसह अनेक मजूर तिच्याखाली गाडले गेले. पुढे नामदेव तेथे आले. ढिगाऱ्यातील अस्थींपैकी चोखोबांच्या कोणत्या, हे ओळखण्यास मार्ग नव्हता. ज्या अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी ऐकू आला त्या नामदेवांनी वेचल्या, पंढरपुरास आणल्या आणि मंदिराच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली.

यातील चमत्कार श्रद्धेचा विषय म्हणून बाजूस ठेवला, तरी कथेत तीन मानवी कृती उरतात : शोध, ओळख आणि स्थापना. अपघातात माणूस गमावलेल्या कोणत्याही कुटुंबास आजही याच तीन गोष्टींतून जावे लागते. पंचनामा, मृतदेहाची ओळख, अंत्यसंस्कार ही त्यांची आधुनिक नावे होत.

अस्थी आणि नाम

शोकाच्या चर्चेत एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या ग्रंथातील पाच अवस्थांचा उल्लेख वारंवार केला जातो. परंतु ते विवेचन मुळात असाध्य आजाराच्या रुग्णांशी झालेल्या संवादांवर उभे आहे. ज्याला मृत्यूची पूर्वसूचनाच नव्हती त्याच्या आप्तांना ते जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे पॉलीन बॉस यांची 'संदिग्ध वियोग' ही संकल्पना अधिक उपयुक्त ठरते. बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांच्या अभ्यासातून ती पुढे आली. देह हाती लागला नाही तर मन मृत्यू पूर्णपणे मान्य करीत नाही आणि शोक अडकून पडतो, असे तिचे सार सांगता येईल.

मंगळवेढ्याच्या कथेतील अस्थींची निवड या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. 'नाम' या शब्दाचे दोन अर्थ येथे एकत्र येतात. अस्थींतून देवाचे नाम ऐकू येते आणि त्यामुळेच अनामिक अवशेषांना चोखोबांचे नाव परत मिळते. संदिग्धता संपते, समाधीमुळे शोकाला जागा मिळते. सोलापूर परिसराला हा अनुभव दूरचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे दगावली आणि अनेकांवर सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले. आपल्या माणसाची राख वेगळी मिळणे हे किती मोठे सांत्वन असते, हे अशा प्रसंगी कळते.

कथेची मर्यादा

असे असले तरी ही कथा सर्वांचे सांत्वन करीत नाही. चोखोबांचे घर कवींचे होते. पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणे बंका या सर्वांची अभंगरचना उपलब्ध आहे. सोयराबाई स्वतःस 'चोख्याची महारी' म्हणवितात. पतीचे नाव हीच त्यांची काव्यमुद्रा आहे. विटाळासारख्या प्रश्नावर निर्भीडपणे बोलणारी ही स्त्री त्या दिवशी कोठे होती, तिला वार्ता कोणी सांगितली, याविषयी रूढ कथा मौन पाळते. शोक करण्याचा अधिकार तेथे मित्राला आणि देवाला मिळतो. पत्नी आणि पुत्र कथेबाहेर राहतात.

दुसरी मर्यादा कारणाविषयीची आहे. भिंत का पडली, काम कोणी करवून घेतले, हे कथा विचारीत नाही. कामावरील अपघाती मृत्यूबद्दल भरपाई देण्याचे दायित्व भारतात १९२३ च्या कायद्याने मान्य झाले. मध्ये जवळपास सहा शतके गेली. नामाच्या महिम्यात दायित्वाचा प्रश्न विरून जातो. समाधीचे स्थानही हेच सांगते. जिवंतपणी ज्या मंदिरात प्रवेश नव्हता त्याच्या दारापर्यंतच अस्थी पोहोचल्या. ते दार दलितांसाठी उघडण्यास साने गुरुजींचे १९४७ चे उपोषण व्हावे लागले.

निष्कर्ष

१. चोखोबांच्या निधनाची कथा ही मराठीतील अपघाती वियोगाची एक आद्य शोककथा मानता येते.

२. शोध, ओळख आणि स्थापना या तीन कृतींतून ती अडकलेल्या शोकाला वाट देते. तिचे सांत्वनमूल्य चमत्कारावर अवलंबून नाही.

३. घरच्या माणसांचा शोक आणि अपघाताचे दायित्व या दोन बाबी ती अनुत्तरित ठेवते. सोयराबाई व कर्ममेळा यांच्या अभंगांचे वाचन या मौनाच्या संदर्भात पुन्हा होणे आवश्यक आहे.

४. त्या भिंतीखाली इतरही मजूर होते. त्यांच्या अस्थी कोणी वेचल्या नाहीत, त्यांची नावे परंपरेने जपली नाहीत. घरे मात्र त्यांनाही होती. चोखोबांच्या समाधीसमोर उभ्या राहणाऱ्या अभ्यासकाने त्या घरांचाही विचार करावयास हवा.