पदकांची गोष्ट आणि वर्गातला हिशोब

टोकियो ऑलिम्पिकच्या पदकांची गोष्ट आता बऱ्याच शाळांतून सांगितली जाते. जपानी नागरिकांनी जुने फोन आणि बारीकसारीक उपकरणे आणून दिली, त्यांतून धातू काढले, आणि २०२१ साली झालेल्या त्या स्पर्धांतील सुमारे ५,००० पदके या धातूंची होती. गोष्ट खरी आहे, सुंदरही आहे. पण ती ज्या पद्धतीने सांगितली जाते त्याविषयी माझी तक्रार आहे. ती शिक्षकांपुढेच मांडायला हवी, कारण याच गोष्टीच्या जोरावर आपल्याकडे शाळाशाळांत ई-कचरा संकलनाच्या मोहिमा निघतात.

आधी आकडे पाहू. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत तिथल्या नगरपालिकांनी ७८,९८५ टन उपकरणे गोळा केली. शिवाय एका दूरध्वनी कंपनीच्या दुकानांत ६२ लाख १० हजार फोन जमा झाले. पदकांसाठी मिळाले ते ३२ किलो सोने, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो ब्राँझ. आठवीच्या वर्गाला भागाकार करायला सांगा. टनामागे सोने येते अवघे ०.४ ग्रॅम! खाणीतल्या बऱ्या खनिजातही टनाला काही ग्रॅम सोने असते. मग ‘शहर म्हणजे सोन्याची खाण’ हे गोष्टीतले लाडके वाक्य खोटेच म्हणायचे का?

तसे नाही, आणि खरे विज्ञान इथेच सुरू होते. त्या ढिगात भात शिजवायचे कुकर, पंखे, व्हॅक्यूम क्लीनर अशा वस्तूही होत्या. त्यांत मुख्यतः लोखंड आणि प्लॅस्टिक. सोने असते ते फोन-संगणकांच्या सर्किट बोर्डांवर, जोडण्यांवरच्या पातळ मुलाम्यात. एका फोनात सुमारे ०.०३ ग्रॅम धरले तरी नुसत्या त्या ६२ लाख फोनांत १८० किलोच्या पुढे सोने निघते. म्हणजे ३२ किलो हा आकडा पदकांच्या गरजेचा, ढिगातल्या एकूण सोन्याचा नव्हे, असाच अर्थ लावावा लागतो. (सुवर्णपदक तरी कुठे सोन्याचे असते? चांदीच्या पदकावर सहा ग्रॅमहून थोडे अधिक सोने, इतकेच.) हा हिशोब गोष्टीत कोणी करून दाखवत नाही. मुलांच्या मनात राहते ते एवढेच, की फोन टाकला की सोने मिळते.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. जपानमध्ये छोट्या उपकरणांच्या पुनर्वापराचा कायदा एप्रिल २०१३ पासून लागू होता. पालिकांच्या पेट्या होत्या, परवानाधारक कारखाने होते, तांबे वितळवून विद्युत्-विघटनाने शुद्ध करणाऱ्या भट्ट्या होत्या. धनाग्राखाली साचणाऱ्या गाळात सोने-चांदी मिळते. पदकांच्या आवाहनाने या तयार वाटेवर माणसे आणली. आपण त्यातून उचलले ते फक्त आवाहन.

एका शाळेत अशा मोहिमेच्या समारोपाला मला बोलावले होते. सर्वांत जास्त वजन आणणाऱ्या वर्गाला बक्षीस होते. साहजिकच मुलांनी जड वस्तू आणल्या. कोपऱ्यात जुन्या काचेच्या नळीचे मॉनिटर रचलेले होते, त्यातला एक फुटलेला. त्या काचेत शिसे असते. एका मुलाने तर चालू इस्त्री आणली होती. हे सगळे पुढे कुठे जाणार, असे विचारले तेव्हा उत्तर आले, ‘एक टेम्पोवाला घेऊन जातो, सर.’

टेम्पोवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या शहरांत वस्तू दुरुस्त करणारे, सुटे करणारे, भंगार विकत घेणारे लोक हीच आजवरची खरी व्यवस्था आहे, आणि गोळा करण्यात, वेगळे करण्यात त्यांचा हात कोणी धरू शकणार नाही. धोका त्यापुढच्या टप्प्यावर आहे. तांब्यासाठी वायर जाळली की तिच्या पीव्हीसी आवरणातून डायॉक्सिन बाहेर पडतात. बोर्ड कोळशावर तापवून सुटे भाग काढताना जुन्या डाखातल्या शिशाचा धूर होतो. सोन्यासाठी अम्लात बुडवलेल्या बोर्डांचे पाणी गटारात जाते. ही कामे पुष्कळदा घरातच होतात, आणि तिथे मुलेही असतात. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला, त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. पदकांच्या गोष्टीत या उरलेल्या ७८ टक्क्यांना जागाच नाही.

मोहीम घ्यायचीच तर वजनाची स्पर्धा आधी बंद करावी. चालणाऱ्या आणि दुरुस्त होणाऱ्या वस्तू पहिल्याच दिवशी बाजूला काढून दुरुस्ती करणाऱ्याला शाळेत बोलवावे. तो पंखा उघडून जे शिकवील ते पुस्तकात नाही. फुगलेल्या बॅटऱ्या मुलांच्या हाती देऊ नयेत, मॉनिटर फोडू देऊ नये. आणि माल नेणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नोंदणीचा कागद मागावा. २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार प्रक्रिया करणाऱ्याला ही नोंदणी लागतेच. कागद मिळाला नाही, तर कागद असलेला कोणी सापडेपर्यंत माल कुलपात ठेवावा.

त्या मुलाला इस्त्री मी घरी परत न्यायला सांगितली. वर्ग दीड किलोने मागे पडला आणि बाई माझ्यावर थोड्या नाराज झाल्या.